आईचं नाव पंचफुला

माझ्या आईच्या गळ्यात मंगळसूत्राशेजारी काळ्या दोऱ्यात एक चांदीचा टाक असायचा. अंगठ्याएवढा पत्रा आणि त्यावर ठोकून उठवलेली एक बाई. दोन डोळे, कपाळावर गोल कुंकू, जोडलेले हात. सोनाराने नाक काढलं नव्हतं. लहानपणी आईच्या मांडीवर पडले की मी त्या नाकाची जागा बोटाने चाचपत बसायचे. ती बाई म्हणजे माझी मोठी आई, लक्ष्मी. बाबांची पहिली बायको आणि माझ्या आईची सख्खी थोरली बहीण. मी जन्मायच्या तीन वर्षं आधी ती भूकंपात गेली.

ज्याची पहिली बायको वारली त्याच्याशी लग्न केलं, की नव्या बाईने जुनीचा टाक गळ्यात घालायचा, अशी आमच्याकडची रीत. नुसता घालून भागत नाही. घास तोंडात घालायच्या आधी तिला दाखवायचा. नवी साडी आली की आधी टाकाला लावायची, 'अक्का, तू नेस' म्हणायचं, मग आपण नेसायची. विसरलं तर ती कोपते. आणि कोपली की सवतीला काही करत नाही, सवतीच्या लेकरावर जाते. हे मला कुणी बसवून सांगितलेलं आठवत नाही. विस्तवाला हात लावू नये हे जसं माहीत असतं तसं हे माहीत होतं.

आमचं गाव किल्लारीच्या अलीकडे. गणपती बुडवून लोक झोपले होते. बाबा राखणीला शेतात होते म्हणून वाचले. मोठी आई आणि तिचा दोन वर्षांचा मुलगा घराच्या मातीच्या माळवदाखाली गेले. बाबांनी दुपारपर्यंत हातांनी माती उकरली. त्यांच्या उजव्या हाताची दोन नखं पुन्हा कधी नीट आली नाहीत.

आई तेव्हा कंधारजवळच्या माहेरी होती, सतरा वर्षांची. पाच महिन्यांनी पत्र्याच्या शेडमध्ये तिचं बाबांशी लग्न लागलं. त्या हंगामात शेडांमधून रोज कुणा ना कुणा पुरुषाचं लग्न लागत होतं. ज्या बाया मागे राहिल्या, त्यांची नाही लागली. घरची पोरगी घरात जाईल, असं सिद्धराममामाने, आईच्या थोरल्या भावाने, ठरवलं आणि रडणाऱ्या सगळ्यांना ते पटलं. आईला विचारलं का, असं मी एकदा मामाला विचारलं होतं. तो म्हणाला, तवा कुणालाच काय विचारायची वेळ नव्हती. ताटातल्या तांदळात बाबांनी नवरीचं नवं नाव लिहिलं, ते लक्ष्मी.

मला दहावीला एक्याण्णव टक्के पडले आणि पेढे यायच्या आधीच बाबांनी ठरवून टाकलं की उज्ज्वला डॉक्टर होणार. २०१२ साल होतं. लातूरला सगळीकडून पोरं येत होती, भोकरहून, उदगीरहून, पार हिंगोलीहून. ज्यांना जमेल ते आईला सोबत धाडत. दोन वर्षं खोली करायची, पोरीने अभ्यास करायचा, आईने करून घालायचं. बाबांनी आम्हाला जीपमधून आणून सोडलं, खोलीच्या कोनाड्यात देव मांडले आणि निघताना आईला म्हणाले, "लक्ष्मी, पोरीवर ध्यान ठिव."

खोली साबेराच्या घराच्या मागच्या अंगाला होती. पुढे तिचं आणि तिच्या नवऱ्याचं, लालमहंमदचं, गाद्यांचं दुकान. पूर्वी हा धंदा लग्नसराईत चालायचा. क्लास वाढले तसा जून-जुलैत त्यांना जेवायला उसंत मिळेना, कारण येणाऱ्या प्रत्येक पोराला एक गादी लागायची. साबेरा जाडजूड, बडबडी बाई, केसांत कायम कापूस. आल्या आल्या दारात उभं राहून तिने आईला नाव विचारलं.

आईने हातातलं पातेलं खाली ठेवलं आणि म्हणाली, पंचफुला.

मी पुस्तकातून मान वर केली. गावात तिला सगळे लक्ष्मी म्हणायचे. रेशनकार्डावर लक्ष्मी, माझ्या क्लासच्या फॉर्मवरही लक्ष्मी. सिद्धराममामा तेवढा कधीमधी 'फुले' म्हणायचा, तेही बाबा जवळपास नसताना. साबेरा गेल्यावर मी विचारलं, खोटं का सांगितलं?

"खोटं न्हाई," ती म्हणाली, "जुनं हाय."

पहिल्या पावसाळ्यातच आई दुकानात जायला लागली. आधी नुसती खोळ धरायला, मग कापूस भरायला, मग दाभणाने गादी शिवायला. मी सकाळी सहाला क्लासला जायचे ती दुपारी यायचे, पुन्हा चारला जायचे. एवढ्या मोठ्या रिकाम्या दिवसाचं काय करायचं, असं ती मला आधी म्हणायची. नंतर म्हणेनाशी झाली. तिचा हात चांगला होता. गादीचा कोपरा नीट भरला नाही तर सहा महिन्यांत कापूस मधे गोळा होतो. आईने भरलेला कोपरा दाबला तरी दबत नाही, असं लालमहंमद गिऱ्हाइकांना सांगायचा. तो फार कमी बोलणारा माणूस. त्याने असं काही म्हटलं की आई दिवसभर ते वाक्य घोळवायची आणि मला पोळी वाढताना परत सांगायची, जणू मी ऐकलंच नव्हतं.

साबेराचं आणि तिचं काय जमलं होतं ते दोघींनाच माहीत. मी मागच्या खोलीत प्राण्यांचं वर्गीकरण पाठ करायचे आणि पुढून हसण्याचा आवाज यायचा. आई हसताना तोंडाला पदर लावते, एवढंच मला माहीत होतं. तिथे तिचे दोन्ही हात कापसात असायचे, पदर लावणार कसा. एकदा बाबांचा फोन आला तेव्हा साबेरा लांबूनच म्हणाली, "फुला, तुझ्या मालकाला सांग, बायको आम्ही ठेवून घेतली, बदल्यात एक डबल गादी पाठवून राहिलो."

आईने फोनवर हात ठेवला आणि खांदे हलेपर्यंत हसली. बाबा पलीकडून विचारत होते, कोन हाय, कोन बोलून राहिलं.

टाक काढायचं कारण अगदी साधं झालं. वाकून गादी शिवताना दाभण गळ्यातल्या काळ्या दोऱ्यात अडकलं आणि तिच्या गळ्याला टोचलं. लालमहंमद तिच्याकडे न बघताच म्हणाला, भाभी, कामावर गळ्यात काही लोंबतं नको. तिने टाक काढून रुमालात बांधला. संध्याकाळी परत घातला. काही दिवस असंच चाललं. मग संध्याकाळचा टाक जेवताना घातला जाऊ लागला, मग नुसता बाबा यायच्या दिवशी.

बारावीच्या वर्षीच्या दिवाळीला तिने स्वतःच्या मजुरीतून मोरपंखी रंगाची साडी घेतली. घडी मोडून सरळ अंगाला लावली. मी म्हटलं, आई, मोठ्या आईला?

ती निऱ्या घालत होती. म्हणाली, "तिच्याकडं लई साड्या झाल्या."

त्या साडीत ती साबेराबरोबर महाशिवरात्रीला सिद्धेश्वराच्या यात्रेत गेली, पाळण्यात बसली, आणि घाबरून साबेराच्या दंडाला चिमटे काढले म्हणून साबेरा आठवडाभर दंड दाखवत फिरली. दुकानातून घरी आल्यावर आई तव्यावरची भाकरी तिथेच उभी राहून खायची, वाफ निघत असताना, कुणालाही न दाखवता. मला ती तेव्हा फार आवडायची. हे लिहून ठेवायला हवं. पुढे मी जे केलं त्यावरून तसं वाटणार नाही.

प्रॅक्टिकल संपल्या त्या दिवशी तिने मला सांगितलं. तुझी परीक्षा झाली की तू कुठल्या तरी कॉलेजात जाशील, हॉस्टेलात राहशील. मी इथंच राहीन म्हणते. खोली साबेरा ठेवते म्हणाली, दुकानात काम हाय. मी विचारलं, आणि बाबा?

"तुझे बाबा लक्ष्मीचे हायत," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. एखाद्या शेताचा बांध कुठून जातो ते सांगावं, तसं तिने सांगितलं.

मी तिला हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. माझ्या डोक्यात फक्त परीक्षा होती. प्रवेशपरीक्षेला महिना राहिला आणि मला टायफॉइड झाला. आधीच सराव परीक्षांत माझा नंबर प्रत्येक वेळी दहा-वीसने खाली जात होता. सलाईन लावून मी खोलीत पडून होते. बाहेर रस्त्यावरून क्लासला जाणाऱ्या पोरांच्या सायकली जायच्या आणि मला वाटायचं, प्रत्येक सायकल माझ्यापुढे निघून चालली आहे. आई कपाळावर पट्ट्या ठेवायची. ती वाकली की तिचा गळा माझ्या डोळ्यांसमोर यायचा, मोकळा. मी डोळे मिटले की तो बिननाकाचा चेहरा दिसायचा. कोपली की लेकरावर जाते. मी जीवशास्त्रात पंच्याण्णव मिळवणारी मुलगी होते. टायफॉइड कशाने होतो ते मला जंतूच्या नावासकट पाठ होतं.

बाबांचा फोन आला तेव्हा आई औषध आणायला गेली होती. बाबा विचारत होते, काय खाण्यात आलं, पाणी उकळत न्हाई का तुझी आई, कुठं चुकलं.

"आई मोठ्या आईला घालत न्हाई," मी म्हटलं. "दिवाळीपासून."

 पलीकडून फोन बंद झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या जीपने बाबा आले. सोबत सिद्धराममामा. आई पुढे दुकानात होती, तशीच आली, भुवयांवर कापूस चिकटलेला. मामाने दारातच सुरुवात केली. पोरगी मरायला टाकून गाद्या भरून राहिली, लोक काय म्हणतील याची लाज न्हाई, या घरात राहून डोकं फिरलं तुझं. साबेरा भिंतीपलीकडे असणार, खोळी शिवायच्या मशीनचा आवाज थांबला होता. बाबा माझ्या उशाशी बसले, वाकड्या नखांचा हात माझ्या कपाळावर ठेवला. त्यांचा हात थंड होता. मला इतकं बरं वाटलं की मी रडले.

मग त्यांनी आईला विचारलं, "कुठं ठिवली तिला?"

आईने डाळीच्या डब्यातून रुमाल काढला. बाबांनी टाक तळहातावर घेतला, धोतराच्या सोग्याने पुसला, आणि पुसतच राहिले. डाळीची पूड बसली होती त्यावर.

आई म्हणाली, "वीस वरीस तिच्या नावानं जेवले, तिच्या नावानं नेसले, तिच्या नावाला ओ दिली. तुमच्याजवळ निजले ते बी तीच व्हून. मला तिचा राग न्हाई, माझी बहीण व्हती, मला बी ती पाहिजे व्हती. पन मी इथं हाय ना. मी बी एक हाय ना."

मामा म्हणाला, ऐकलं का, ऐकलं का हिचं. बाबांनी त्याला हाताने गप्प केलं. मला भांडायचं न्हाई, ते म्हणाले. फक्त पोरीची परीक्षा होऊस्तोवर घाल. मग तुझ्या मनात असंल ते कर.

आई माझ्याकडे बघत होती. मी काही तरी म्हणेन म्हणून थांबली होती. जंतूचं नाव सांगेन, डॉक्टर काय म्हणाले ते सांगेन. मी म्हटलं, "घाल ना आई."

तिने मान खाली केली. बाबांनी दोरा बांधला. गाठ दोनदा सुटली, आणि ती गाठ बसेपर्यंत वाकून उभी राहिली.

महिनाभर तिने घास दाखवून खाल्ला. दुकानात गेली नाही. मला ताप उतरल्यावर रोज पहाटे उठवलं, दूध दिलं, माझ्याशी एक वाकडा शब्द बोलली नाही. परीक्षेच्या दुसऱ्या दिवशी बाबा टेम्पो घेऊन आले. गॅस, भांडी, माझी पुस्तकं, सगळं चढलं. शेवटी आई बाहेर आली, गळ्यातला दोरा काढला आणि टाक बाबांच्या हातावर ठेवला.

"हिला घिऊन जा," ती म्हणाली. "पोरीचं मी निभावलं. आता मी येत न्हाई."

बाबा म्हणाले, गावात काय सांगू?

"मेली म्हनून सांगा. तुम्हाला सवय हाय."

हे बोलल्यावर तिचंच तोंड पांढरं पडलं. बाबा वळले आणि टेम्पोच्या मागच्या बाजूला सामानात जाऊन बसले. मी पुढे ड्रायव्हरशेजारी होते. आईने माझ्या बाजूच्या खिडकीवर हात ठेवला होता. मला कुणी धरलं नव्हतं, दाराला कडी नव्हती. टेम्पो सुरू झाला आणि तिला हात काढावा लागला.

मला डॉक्टरकीला पुरतील एवढे मार्क पडले नाहीत. गावात सगळ्यांना त्याचं कारण माहीत होतं. मी नांदेडला बी.एस्सी. केलं, तिथेच माझं लग्न जमलं. बघायला आलेल्यांनी आईचं विचारलं तेव्हा मामाने सांगितलं, तिची आई लक्ष्मी भूकंपानंतर फार दिवस राहिली नाही. बाबा जमिनीकडे बघत होते. पत्रिकेत छापलं, 'कै. लक्ष्मी व श्री. ग्यानोबा यांची कन्या'. मी ती पत्रिका वाचली, शुद्धलेखन तपासून दिलं. प्रेसवाल्याने माझ्या नावातला एक ज गाळला होता, तेवढं दुरुस्त करायला सांगितलं.

माझा मुलगा आता दहा महिन्यांचा आहे. गेल्या महिन्यात त्याच्या जावळाचं निघालं आणि बाबांनी स्वतःहून फोन केला. त्यांचा आवाज बारीक झालाय. म्हणाले, तिला बोलवायचं असंल तर बोलव. तुझ्या सासरी मावशी म्हनून सांग. लक्ष्मीची बहीण. खोटं बी न्हाई ते.

मला ते इतकं सोपं वाटलं की मी सासूबाईंना सांगून टाकलं, माझी एक मावशी आहे लातूरला. त्या म्हणाल्या, मग आण की. मी बाळाला घेऊन सकाळच्या बसने लातूरला गेले.

लालमहंमद कोरोनात वारला. दुकान दोघी चालवतात. साबेराचे गुडघे गेलेत, ती खुर्चीवर बसून खोळी शिवते. आईला मी अकरा वर्षांनी बघत होते. ती वाळली आहे, बोलता बोलता खोकते. कापूस छातीत बसतो, म्हणाली. साबेराने बाळ ओढून घेतलं आणि म्हणाली, "हे तर नाक नानीचं. फुला, आता हिंड नाक वर करून." आईने हात धुतले, पुसले, तरी बाळाला घेताना आधी नुसतं बोट पुढे केलं. बाळाने ते धरलं.

तिला माझं सगळं माहीत होतं. गावच्या एका बाईने मुलासाठी गादी घेताना सांगितलं होतं, लग्नाची तारीखसुद्धा. मी विचारलं, तू सुखात आहेस का? मला दुसरे शब्द सुचले नाहीत.

ती विचार करून म्हणाली, हाव. रोज न्हाई. तुझ्या लग्नादिवशी न्हवते. त्या दिवशी सात गाद्या भरल्या, एकीचा बी कोपरा नीट बसला न्हाई, साबेराने सगळ्या उसवल्या.

मी जावळाचं सांगितलं. मावशी म्हणून यायचं, हेही. मी ते पटापट बोलले. साबेराने मशीन थांबवलं नाही, पण सावकाश केलं.

आई बाळाच्या टाळूवरून हात फिरवत होती. "वीस वरीस अक्का झाले," ती म्हणाली. "आता मावशी व्हू?"

मी म्हटलं, एक दिवसाचं आहे.

"टाकाचं बी एक महिन्याचंच व्हतं."

 तिने बाळ माझ्या मांडीवर दिलं, ओढणी त्याच्या पायांवर नीट केली. म्हणाली, तुझ्या घरी खरं सांग. आई हाय, जिती हाय, नाव पंचफुला, गाद्या भरते. मग उद्याच्या उद्या येते, मोरपंखी नेसून येते. सांगशील?

मी सासूबाईंचा चेहरा डोळ्यांसमोर आणला. नवऱ्याचा आणला. छापलेली पत्रिका त्यांच्या कपाटात आहे, तीही आठवली. पहिल्या दिवसापासून खोटं बोलले, असं ते म्हणतील, आणि ते खरंच असेल. आई माझ्याकडे बघत होती. मी बाळाच्या टोपीची गाठ सोडली आणि परत बांधली.

तिने आणखी एकदा विचारलं नाही.

तेवढ्यात गिऱ्हाईक आलं. भोकरकडची बाई होती, सोबत सोळा-सतरा वर्षांची मुलगी, पाठीवर नवी सॅक. क्लास लावलाय, दोन वर्षांसाठी गादी पाहिजे, सहा बाय तीन. आई उठली, खोकली, टेप काढली. कापूस दाखवला, खोळीची कापडं दाखवली. मुलीने निळं काढलं.

"तुम्ही राहणार का संगं?" आईने त्या बाईला विचारलं.

"राहते की. हिच्या जेवणाचं कोन बघंल?"

"मग दोन लागतील."

बाई हसली. मला कशाला गादी, म्हणाली, मी पडंन कुठंबी. आई टेप हातात धरून तिच्याकडे डोक्यापासून पायापर्यंत बघत राहिली, उंचीचा अंदाज घेतल्यासारखी. मग तिने चोपडीत दोन लिहिलं. बाई घाईने म्हणाली, नगं नगं, थांबा, आधी घरी विचारून सांगते. तिने फोन काढला आणि दाराबाहेर उन्हात जाऊन उभी राहिली.

माझी नांदेडची बस दीडला होती. मी बाळाला खांद्यावर घेतलं. ती बाई अजून फोनवर बोलत होती, आणि आई पेन हातात धरून तिची वाट बघत उभी होती.